बिबल्याची निळाई अखेर दिसली: नमुना 14

बिबल्याच्या लाकडाचे छिलके पाण्यात भिजवले की उन्हात त्या पाण्याला निळी झाक येते, त्यावरून हे लाकूड ओळखायला मदत होते. तीन फेऱ्या नुसतं चहासारखं पाणी देणाऱ्या लाकडाच्या नमुना 14 ने काल ही झाक दाखवली. ‘बिबला नव्हे, शिसव’ ही नोंद पक्की होत आली होती. ती खोडली. चूक लाकडात नव्हती, पाण्यात होती.

पद्धत नेहमीचीच: गाभ्याचे ताजे छिलके 1 ग्रॅम, काचेच्या नळीत 20 मिली पाणी, दहा मिनिटं. फक्त पाणी डिस्टिल्ड होतं. असं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं, आणि आम्लात ही चमक मरते. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 मध्येच लिग्नम नेफ्रिटिकम या अशाच निळी झाक देणाऱ्या औषधी लाकडाच्या अर्काबद्दल हे लिहून ठेवलंय. चिमटीभर खाण्याचा सोडा टाकला, नळीमागे काळा कागद धरला, बाजूने ऊन पडू दिलं, आणि काठाशी मोरपंखी निळं उमटलं! व्हिनेगरच्या दोन थेंबांनी गेलं, सोड्याने परत आलं. अर्क गडद असेल तर निळं झाकलं जातं, म्हणून दुप्पट पाणी घालून विरळ करा. लोखंडी भांडं नको, टॅनिनमुळे पाणी काळपट होतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचे छिलकेही नकोत.

तरी निळाईवर एकटीवर निकाल देऊ नका. नव्या ब्लेडने आडवा छेद घेऊन दहापट भिंगाखाली किरण, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या बारीक रेघा, बघा: टेरोकार्पसचे (बिबल्याची प्रजाती) एकपेशी, केसाहून बारीक, शिसवीचे एक ते तीन पेशींचे. उभ्या पृष्ठावरच्या लाटांसारख्या आडव्या रेघा दोन्हींत असतात, त्यावर विसंबू नका.

बिबला आणि शिसव यांच्या गोंधळाचं मूळ नावात आहे. टेरोकार्पस म्हणजे पंखफळ, शेंगेभोवतीच्या चकतीवरून. पण याच प्रजातीतल्या अंदमानी पडौक या लाल लाकडाच्या झाडाचं जातिनाम डालबर्जिऑइडिस, म्हणजे शिसवीसारखा! विक्रेते तर कुठल्याही लाल लाकडाला पडौक म्हणतात. ज्या चिठ्ठीवर शास्त्रीय नाव नाही, तो नमुना विकत घेऊच नये.

पुढची फेरी रक्तचंदनाची ठरली होती. त्याचा लाल रंग, सँटॅलिन, पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोल लागतं. पण हे लिहिताना सुचलं, आधी ‘निळाई नाही’ म्हणून बाद केलेले सगळे नमुने सोडा घालून पुन्हा तपासायला हवेत. रक्तचंदन त्यानंतर. प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या, एक साधी, एक सोड्याची, शेजारी शेजारी ठेवून.