रेडिएटरात बोअरचं पाणी नको

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसायला लागतात. चालकाचं उत्तर ठरलेलं असतं : ऊनच एवढं आहे, गाडी तरी काय करणार! तसं नाही. कूलिंग सिस्टिम धड असेल तर ४५ अंशांत, एसी लावून, चार माणसं बसवून गाडी धुळ्याहून लळिंग घाट चढून मालेगावला निमूट जाते. जी गरम होते तिचं दुखणं आधीचंच असतं, ऊन ते फक्त उघड करतं. आणि आपल्याकडे त्या दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रेडिएटरात वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी.

आधी थोडा हिशोब. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायला लागतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्यावाटे इंजिनाबाहेर काढावा लागतो. रेडिएटर ही उष्णता हवेला देतो, आणि किती देणार ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ असेल तर फरक ६५. भुसावळच्या दुपारी हवाच ४५, म्हणजे फरक उरला ४५. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलं. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली. कंपनी हे सगळं धरून रेडिएटर गरजेपेक्षा मोठा देते. ही शिल्लक ताकद क्षाराने, धुळीने, ढिल्या झाकणाने खाल्ली तर डिसेंबरात काहीच कळत नाही. मे महिन्यात घाटात कळतं.

बोअरच्या पाण्याचं काय होतं ते घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापले की फुटतात आणि चुनखडीचा थर धातूला धरतो. धातू जिथे जास्त तापतो तिथे तो जास्त बसतो, म्हणजे नेमका हेडमध्ये (सिलिंडरवरच्या इंजिनच्या डोक्यात), एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपास, जिथली उष्णता आधी निघायला हवी तिथेच. क्षाराचा थर उष्णता अडवतो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला पाणी ९५ अंश दिसत असतं आणि त्या कोपऱ्यातला धातू मात्र कितीतरी जास्त तापलेला असतो. रेडिएटरच्या नळ्या चपट्या, आतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. त्यात थर धरायला किती वेळ लागणार? शिवाय उडते ती निव्वळ वाफ, क्षार मागेच राहतात. त्यामुळे दर वेळी अर्धा लिटर टाकलं की आतलं पाणी पहिल्यापेक्षा खारट होतं. आजकालचे रेडिएटर आणि हेड ॲल्युमिनियमचे आहेत, खाऱ्या पाण्याने त्यांना आतून बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस एका खड्ड्याचं भोक होतं. जुने पितळी रेडिएटर टाक्या उघडून, सळी घालून साफ करता यायचे. प्लॅस्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर चोंदला की बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

'दर आठवड्याला थोडं पाणी टाकतो, बाकी काही त्रास नाही', असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, हाच त्रास आहे. ही बंद सिस्टिम आहे, तिला पाणी लागायलाच नको. लागतंय म्हणजे कुठेतरी जातंय : होजच्या (रबरी पाइपच्या) क्लिपशी, वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक छिद्रातून, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगमधून थेट सिलिंडरमध्ये. वॉटर बॉडीचं ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब यायला लागतात आणि सुकल्यावर गुलाबी किंवा हिरवट डाग राहतो. बरेच जण तो डाग पुसतात आणि पुढे जातात. बेअरिंग आवाज करायला लागेपर्यंत थांबू नका. विशेषतः ज्या इंजिनात वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर (वॉल्वची उघडझाप सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालते, तिथे ती जाम झाली तर बेल्ट तुटतो आणि बऱ्याच इंजिनांत वॉल्वही वाकतात.

आता कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं ग्लायकॉलचं द्रावण. त्यालाच अँटीफ्रीझही म्हणतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग अँटीफ्रीझ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण कुलंटमधलं गंजरोधक रसायन आणि वाढलेला उत्कलनबिंदू ही दोन्ही कामं आपल्या हवेत जास्त गरजेची आहेत. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं केलं तर सुमारे १०७ अंशांना. त्यावर झाकणाचा दाब आला की हाच आकडा १२५च्याही पुढे जातो. मात्र कुलंट चांगलं म्हणून निव्वळ कुलंटच ओतू नका. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे शंभर टक्के कुलंटवर इंजिन उलट जास्त तापतं. निम्मं-निम्मं ठेवावं, आणि काही झालं तरी कुलंट एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर गंजरोधक पुरं पडत नाही. कॅन घेताना तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे ते लेबलवर वाचा. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घालणारे गॅरेजवाले कमी नाहीत.

मिसळायचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर, बॅटरीवाल्याकडे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. आरओचं पाणी बोअरपेक्षा खूप बरं, पण क्षार त्यातही थोडे असतात. अडीअडचणीला चालेल. रंगावर विसंबू नका : हिरवं, गुलाबी, निळं ही कंपन्यांची मर्जी आहे, त्याला एक ठरलेला नियम नाही. जुन्या पद्धतीचं कुलंट साधारण दोन वर्षं टिकतं, सेंद्रिय आम्लावर आधारलेलं पाच वर्षांपर्यंत. दोन प्रकार एकत्र केले तर टिकण्याचे दिवस घटतात, कधी गाळही धरतो. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या.

रेडिएटरचं झाकण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोक त्याला नुसतं बूच समजतात. प्रत्यक्षात त्यात दोन वॉल्व असतात. एक स्प्रिंगवाला, साधारण ०.९ ते १.१ बार दाबापर्यंत पाणी आत धरून ठेवणारा. दुसरा मधोमध, बारीक, गाडी गार झाल्यावर रेडिएटरशेजारच्या जादा कुलंटच्या बाटलीतलं कुलंट परत आत ओढू देणारा. एक बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की हा फायदा गेला, आणि १०० अंशांच्या पुढेच पाणी उसळून बाटलीत जातं. बाटली ओसंडते, गाडी गरम होते, गॅरेजवाला हेडवर बोट ठेवतो. दुसरा वॉल्व चिकटला तर वेगळीच खूण : सकाळी गार गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसतो. हेड उघडण्याआधी झाकण बदलून बघा, काही शेकड्यांचं काम आहे. दाबाचा आकडा झाकणावर छापलेला असतो, तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुना होज फाटतो.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व. त्याच्याबद्दल तर वादच घालावासा वाटतो. 'आपल्या उन्हात वॉल कशाला' म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत अजून चालू आहे. हा वॉल्व साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, तोवर इंजिन लवकर तापून कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर निम्मंअर्धं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे गाडी गार राहावी म्हणून केलेल्या उपायाने ती घाटात जास्त तापते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय का ते हाताने कळतं : काटा वर चढलाय, वरचा होज चटका देतोय आणि खालचा होज कोमट आहे, तर तोच दोषी किंवा रेडिएटर चोंदलेला. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून गॅसवर ठेवा. उकळी येईपर्यंत तो उघडला नाही तर बदला.

पंख्याचं सोपं गणित : गाडी ८०च्या वेगाने जाताना ठीक असते आणि गावात, फाटकावर, टोलनाक्यावर काटा चढतो, तर पंखा बघा. उलट, गावात ठीक आणि हायवेला किंवा चढाला तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर बॉडी कमी पाणी फेकतेय. एसी चालू केला की पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंख्याला थेट बॅटरीची वायर. थेट वायरवर फिरला तर मोटर ठीक, दोष सेन्सरचा किंवा जोडणीचा. जीप, बोलेरोच्या जातीच्या गाड्यांत पंखा बेल्टवर आणि व्हिस्कस क्लचवर (तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणाऱ्या जोडणीवर) चालतो. गरम इंजिन बंद केल्यावर, पंखा पूर्ण थांबला की हाताने फिरवून बघा. तो गिरकी घेत राहिला तर क्लच गेला.

कापसाच्या हंगामानंतर रेडिएटरची जाळी बघायलाच हवी. जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारं कापसाचं तूस, त्यावर शेतरस्त्याची धूळ, त्यावर किडे, असा नमदाच तयार होतो, आणि तो दिसत नाही, कारण तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत असतो. समोरून पाणी मारलं तर आणखी घट्ट बसतो. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आणखी एक जागा. गॅसचा दाब उतरताना रिड्यूसर थंड पडतो, म्हणून त्याला इंजिनच्या गरम पाण्याचे दोन पाइप टी जोडून दिलेले असतात. तिथल्या स्वस्त क्लिपा सैल होतात. कुलंट कमी होतंय आणि गळती सापडत नाही, तर आधी तिथे बोट फिरवा.

गळतीवर हळद टाकणं हा जुना जुगाड. हळद फुगून भोक बुजवते, खरं आहे. पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. हीटरची कॉइल आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. आडरानात गावापर्यंत पोचायला एकदा ठीक, पण नंतर ती धुऊन काढावीच लागते.

चढाला काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मोठा. मे महिन्यात हे ऐकवत नाही, पण हीटरची कॉइल म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर, तेवढी उष्णता बाहेर जाते. कन्नड घाटात ट्रकमागे रांगेत अडकला असाल तर एक गिअर खाली घ्या, म्हणजे वॉटर बॉडी जोरात फिरते आणि इंजिनवर ओढ कमी येते. लाल दिवा लागला किंवा वाफ आली तर मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद. आणखी एक फसवी खूण : चढलेला काटा अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी संपून सेन्सर उघडा पडला की तो असाच कमी आकडा दाखवतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल लागला म्हणजे उशीर झालेला.

तापून थांबलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आत १०० अंशांच्या वरचं पाणी दाबाने थांबलेलं असतं, दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते आणि तोंडावर येते. वरचा होज हाताला मऊ आणि कोमट लागला की जाड फडकं ठेवून पाव फेरा फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड वाकतं किंवा तडकतं. फेसिंग मारणं (हेड घासून सपाट करणं), नवं पॅकिंग, मजुरी असा खर्च मग लागतो. एवढं होऊनही पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाला साईसारखा थर, किंवा रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून स्टार्ट केल्यावर सतत बुडबुडे दिसले, तर पॅकिंग गेलंय. गाडी चालवत नेऊ नका.

बोअरचं पाणी आधीच भरलेलं असेल तर मार्चमध्येच काम उरकून घ्या. गार इंजिनात खालचा कॉक किंवा खालचा होज काढून सगळं पाणी सोडा. छोट्या गाडीत साधारण ४ ते ५ लिटर मावतं. फ्लशचं औषध डीएम पाण्यात घालून हीटर गरमवर ठेवा, औषधाच्या बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ इंजिन चालवा, गार करा, सोडा. मग निव्वळ डीएम पाण्याने दोन-तीनदा धुवा, स्वच्छ येईपर्यंत. संडास धुण्याचं ॲसिड वापरण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते ॲल्युमिनियम खातं. ब्लॉकमध्ये थोडं पाणी शिल्लक राहतंच, म्हणून नव्याने भरताना आधी एकूण मापाच्या निम्मं निव्वळ कुलंट ओता आणि उरलेली जागा डीएम पाण्याने भरा.

भरताना हवा अडकते, आणि निम्म्या तक्रारी नंतर त्याच्याच. गाडीचं नाक उताराने वर येईल अशी उभी करा, हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. वरचा होज मधूनमधून दाबा. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येऊन पातळी खाली जाते, तेवढं भरा. पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतली पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असते.

काढलेलं जुनं कुलंट मोरीत किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू, शेळी ते चाटते आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मुलांच्या बाबतीतही तोच धोका. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.