विंगेतून दिसलेल्या बाई

सोमवार, रात्री

बाई गेल्या. आमच्या हौशी नाट्यसंस्थेची नाटकं बसवणाऱ्या बाई. पहाटे, झोपेतच. वय 78, गुडघे केव्हाच गेलेले, वर्षभरापासून जिने बंद. तरी गेल्याच आठवड्यात फोनवर मला झापलं होतं, "संहिता वाचलीस का गं, की नुसती उशाशी घेऊन झोपतेस?"

वैकुंठ स्मशानभूमीत दुपारच्या आत सगळं आटोपलं. बाईंच्या सुनेनं सकाळीच निरोप दिला होता, हार आणू नका, आईंना फुलं आवडायची नाहीत. फुलं आवडायची त्यांना. हारावर पैसे घालवलेले आवडायचे नाहीत. "तेवढ्यात सेटचे दोन फ्लॅट रंगवून झाले असते," हे मी त्यांच्या प्रत्येक सत्कारानंतर ऐकलंय.

घरी येऊन आंघोळ केली, वरणभात खाल्ला. झोप लागेना म्हणून वही काढली.

मंगळवार

पेपरात चार ओळींची बातमी आहे. "राज्य नाट्य स्पर्धेत अनेक पारितोषिके" म्हणे. अनेक कुठली आली? एखाद-दुसरं उत्तेजनार्थ, आणि एकदा नेपथ्याला, तेही निम्मा सेट उसना आणलेला होता तेव्हा. बाई वाचून पोट धरून हसल्या असत्या.

ही स्पर्धा 1954 पासून चालू आहे. गावोगावचे शिक्षक, बँकेतली माणसं, सरकारी कचेऱ्यांतले कारकून त्यात नाटकं करत आलेत. बहुतेक संस्था आमच्यासारख्याच: दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि निकाल लागला की परीक्षकांच्या नावानं बोटं मोडायची. बाईंनी परीक्षकांबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. (आमच्याबद्दल काढले. भरपूर.)

पुण्यात राहून हौशी नाटक करायचं म्हणजे दडपणच. इथे बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत, सुदर्शन, सगळी नाट्यगृहं हाताशी. लोकांनी चांगलं खूप पाहिलेलं असतं. त्यात समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, केलेला असतो, ते हाताची घडी घालूनच नाटकाला बसतात. पुरुषोत्तम 1963 सालचा, त्यामुळे आता आजोबा झालेली मंडळीसुद्धा "आमच्या वेळी" म्हणायला मोकळी. बाईंना या घडी घातलेल्या हातांची कधी भीती वाटली नाही. प्रयोग सुरू झाला की त्या प्रेक्षागृहाकडे बघायच्याच नाहीत. विंगेत माझ्या शेजारी डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि नुसतं ऐकायच्या. हात माझ्या खांद्यावर. कुणी वाक्याचा शेवट खाल्ला की खांद्याला चिमटा. नटाचा राग माझ्या खांद्यावर निघायचा.

मी आमची प्रॉम्प्टर, नट अडला की विंगेतून शब्द देणारी. पहिल्या वर्षी बाईंनी माझं वाचन ऐकलं आणि म्हणाल्या, "आवाज बारीक आहे तुझा, पण तू पुढचं वाक्य आधी वाचतेस. विंगेत उभी राहा." तेव्हापासून उभी आहे.

बुधवार

ऑफिसात काम होईना. सारखी तालमीची खोली डोळ्यांपुढे.

हौशी नटाचा पहिला प्रश्न ठरलेला: हात कुठे ठेवू? बोलण्याचं जमून जातं, पण हे दोन हात काही केल्या आपले वाटत नाहीत. कुणी खिशात घालतो, कुणी मागे बांधतो. बाई यावर भाषण द्यायच्या नाहीत. पिशवीतून मटार काढायच्या. हिवाळ्यात मटार, गणपतीच्या नाटकाच्या वेळी गवार. संहितेत काही का असेना, दिवाणखाना असो की पोलीस ठाणं, पहिले काही दिवस नटानं समोरच्या माणसाशी बोलत बोलत भाजी निवडायची. तालीम संपली की बाई ती भाजी घरी घेऊन जायच्या. आमच्या संस्थेच्या जिवावर बाईंकडे उसळ होते, असं सगळे म्हणायचे.

आमचे एक काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. घर विकून टाकलंय हे बायकोला सांगायचं, असा प्रसंग होता. काका ते ताळेबंद वाचून दाखवल्यासारखं म्हणायचे. बाईंनी मटारांची परडी पुढ्यात सरकवली. दोन-तीनदा तेच. मग एका शेंगेत अळी निघाली. काकांनी ती बोटानं अलगद बाजूला केली, चष्म्याच्या वरून पुन्हा एकदा शेंगेत पाहिलं आणि त्याच नजरेनं, त्याच आवाजात "घर विकलं मी" म्हणाले. खोलीत कुणी हललं नाही.

"हां," बाई म्हणाल्या. "आता रोज अळी निघाली पाहिजे."

प्रयोगाला मटार नव्हते, अर्थातच. पण काका त्या वाक्याआधी आपल्या तळहाताकडे बघायचे, आणि मला विंगेतून ती अळी दिसायची.

मला त्यांनी शिकवलेलं हेच की शब्द कुणीही देईल, कधी द्यायचा नाही ते शीक. नट थांबलाय की विसरलाय हे चेहऱ्यावरून कळत नाही, चेहरा तर खोटं बोलायलाच तयार केलेला असतो. "पायांकडे बघ," बाई म्हणायच्या. "विसरलेल्या माणसाची बोटं चपलेत आखडतात. थांबलेल्याचे पाय स्वस्थ असतात." मी इतकी वर्षं पाय बघत आले. आमच्या नटांचे चेहरे मला जितके ओळखीचे आहेत तितक्याच त्यांच्या चपला.

शुक्रवार

आज चिडून लिहितेय. सकाळपासून फोन येताहेत, बाई कशा देवमाणूस होत्या म्हणून. कुणी सांगितलं? देवमाणसं वेळेवर न आलेल्याला दाराबाहेर उभं करून पूर्ण अंक ऐकायला लावत नाहीत.

आमच्यातली एक मुलगी मालिकेत काम मिळालं म्हणून ऐन तालमींत सोडून मुंबईला गेली. चूक होती का तिची? माझ्या मते नव्हती. भाडं भरायचं होतं, घरी आजारी वडील होते. बाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दिवाळीला तिच्या आईनं फराळ पाठवला तर डबा तसाच परत. मी दोनदा विषय काढून पाहिला, दोन्ही वेळा "पान उलट" एवढंच उत्तर. ती सोमवारी वैकुंठात आली नाही. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

पण याच बाईंनी एका वर्षी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला न्यायाधीश केलं होतं आणि बँकेतल्या काकांना गडी. सोसायटीत कुजबुज झाली. वर्गणी देणाऱ्यांपैकी एकानं तोंडावर विचारलं, जरा उलटंसुलटं नाही झालं का? बाई म्हणाल्या, "झालं ना. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘अरे’ म्हणतंय, फार छान ऐकतात ते आता." वर्गणी त्या वर्षी कमी आली. ती मुलगी खुर्चीत अशी बसायची की मी संहिता बाजूला ठेवून बघत राहायचे. तिला शब्द द्यायची वेळ कधी आली नाही. हल्ली ती कायद्याचं शिकतेय असं कळलं. त्याचं श्रेय नाटकाला द्यायला मी तयार नाही, अभ्यास तिनं केलाय.

शनिवार

पुराची गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर प्रत्येक जण आपापली सांगत सुटेल.

12 जुलै 1961. बाई तेव्हा चौदा वर्षांच्या, घर नारायण पेठेत. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमधून शिरलं. माणसं वाचली, घर वाचलं नाही. सगळ्यांची सोय एका शाळेत. रात्री दिवे नाहीत, बाहेर चिखल, कुजलेल्या धान्याचा वास, लहान मुलांची पिरपिर. तर बाईंनी मुलं गोळा केली आणि पुराचंच नाटक बसवलं. एक जण धरण, चार जण पाणी, एक जण ट्रंकेवर चढून बसलेली आजी.

मोठी माणसं आधी भडकली. लोकांचं सगळं वाहून गेलंय आणि या कार्ट्यांना खेळ सुचतायत! पण आजी झालेल्या मुलानं "माझी बरणी, माझी लोणच्याची बरणी" म्हणून जो टाहो फोडला, तो ऐकून जिची बरणी खरोखरच गेली होती ती आजी हसायला लागली. मग तिच्या शेजारची. बाई म्हणायच्या, "लोकांना आपलं दुःख दुसऱ्यानं करून दाखवलेलं चालतं. बरणी मात्र खरी पाहिजे."

ही गोष्ट दर जुलैत थोडी थोडी वाढायची. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बरणी एक होती. शेवटी शेवटी तीन झाल्या होत्या, एक मुरांब्याची. मी कधी टोकलं नाही.

पुढे त्यांचं बिऱ्हाड गोखलेनगरला गेलं, बाई शिक्षिका झाल्या. 26 जून 1968 ला बालगंधर्व रंगमंदिर उघडलं तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून गर्दी बघितली असं सांगायच्या. आत जायला मिळालं नाही याचं त्यांना काही वाटत नसे. 1986 पासून थिएटर अ‍ॅकॅडमीनं बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर मुलांची नाटकं करायला सुरुवात केली. त्यात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात. बाई बघून आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. आम्ही एकसष्ट साली उलटं केलं होतं." हे त्या पूर्ण गांभीर्यानं म्हणाल्या होत्या, असं माझं मत. काका म्हणतात थट्टेनं.

रविवार, शोकसभेनंतर

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. फोटोच्या काचेवर ट्यूबलाइटची चमक येत होती, बाईंचा चेहराच दिसेना. आमचे लाइटवाले मुळात इलेक्ट्रिशियन. एकदा तालमीच्या खोलीचं वायरिंग करायला आले आणि बाईंच्या तावडीत सापडले ते कायमचे. ते शिडी घेऊन आले, ट्यूब काढली, बाजूला तिरका एक दिवा लावला. "बाईंना वरून लाइट मारलेला खपायचा नाही," एवढंच म्हणाले. डोळ्यांखाली खड्डे पडतात, हे बाईंचं पालुपद होतं.

भाषणं झाली. पाहुणे बाईंविषयी कमी आणि रंगभूमीच्या भवितव्याविषयी जास्त बोलले. मग बँकेतले काका उभे राहिले. कागद आणला नव्हता. "बाईंनी मला..." म्हणाले आणि थांबले.

लांबलं ते थांबणं. पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली, संयोजक पाण्याचा ग्लास घेऊन अर्धवट उठले. मी सवयीनं खाली पाहिलं. काळी सँडल, पाय स्वस्थ. मी संयोजकांना हातानंच बसवलं. काका बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग जागेवर जाऊन बसले. वाक्य पुरं केलं नाही.

बुधवार

बाईंच्या सुनेनं कपाट उघडून दिलं. म्हणाली, काकू, तुम्हीच बघा, आम्हाला यातलं काही कळत नाही. खिळ्यांचा डबा, चुका, मेकअपच्या पॅनकेकच्या अर्धवट डब्या, दोन मिशा, कुणाच्या तरी लग्नातला शालू, आणि यंदाच्या नाटकाची वही. पहिल्या अंकाच्या सगळ्या हालचाली शिसपेन्सिलीनं मांडलेल्या, बाणाबाणांनी. दुसरा अंक कोरा.

यावरून संध्याकाळी जोरदार वाजलं. निम्म्यांचं म्हणणं, बाईंच्या मनात काय असेल त्याचा अंदाज घेऊन दुसरा अंक तसाच बसवू. मला हे पटत नाही, आणि मी तसं बोलले. इतक्या वर्षांत मी तालमीत बहुधा पहिल्यांदाच माझं स्वतःचं वाक्य बोलले असेन, सगळे वळून बघायला लागले. बाईंच्या मनात काय आहे याचा अंदाज आम्हाला कधीच आला नाही, तो आता कुठून येणार? शिवाय त्या स्वतः रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी सगळं पुसून नव्यानं मांडायच्या. पहिला अंकसुद्धा त्यांनी ठेवला नसता.

यंदा नाटकच नको, असंही एक जण म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. प्रवेशिका भरायची आहे, अनामत भरायची आहे, लेखकाच्या परवानगीचं पत्र बाईंच्या नावे आहे ते बदलून घ्यायचंय, आणि प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवायची आहे. ही कामं बाई एकट्या करायच्या हे आज कळलं. माझ्याकडे परिनिरीक्षणाचं काम आलंय.

दिग्दर्शन काका करणार. नको नको म्हणत होते, पण चष्मा पुसत होते, म्हणजे हवं होतं. सोबतीला आमच्यातला इंजिनियर पोरगा, त्याला हालचालींची समज चांगली आहे. काकांना यंदा वकिलाचं काम होतं. ते कोण करणार यावर साडेनऊपर्यंत भांडण चाललं, मग वॉचमन दिवे घालवायला आला. मालिकेत गेलेल्या मुलीला विचारावं, वकील पुरुषच कशाला पाहिजे, असं मी म्हटलं. काही जणांनी तोंडं वाकडी केली, बाईंना चाललं नसतं म्हणे. नसतंच चाललं.

उद्या मी तिला फोन करणार आहे. वाचन शुक्रवारी सातला, उशिरा येणाऱ्यानं बाहेर थांबायचं.