टाकलाच नाही तो पास

रविवार, १५ डिसेंबर २०२४

काल न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी कोलोराडो विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली आणि लगेच सूर निघाला, की बघा, बचावपटूलाही मिळते! मला हे पटत नाही. हंटर अव्वल कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला रोखणारा बचावपटू) आहे, चार इंटरसेप्शन (समोरच्यांचे हिसकावलेले पास) त्याच्या नावावर आहेत. पण त्याच मोसमात रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा आक्रमक, म्हणून ९२ झेल, १,१५२ यार्ड आणि १४ टचडाऊनही आहेत. एवढं खोडून नुसता कॉर्नरबॅक शिल्लक ठेवला, तर कालच्या समारंभाचं बोलावणं तरी आलं असतं का?

१९९७ साली मिशिगनच्या चार्ल्स वूडसन या कॉर्नरबॅकनं पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला) मागे टाकलं, ते उदाहरणही असंच. ओहायो स्टेटविरुद्ध त्यानं एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या गुणपट्ट्यात) पास हिसकावला खरा, पण मतदारांच्या डोळ्यांसमोर राहिली ती त्याच सामन्यातली ७८ यार्डांची पंट रिटर्न (समोरच्यांनी लाथेनं मारलेला चेंडू झेलून उलट घेतलेली धाव). निव्वळ बचाव करणाऱ्याला ही ट्रॉफी १९३५ पासून एकदाही मिळालेली नाही. ह्यू ग्रीन (१९८०), मँटाय टेओ (२०१२), एडन हचिन्सन (२०२१) हे सगळे बचावपटू दुसऱ्या क्रमांकावर थांबले. उलट २००० ते २०२४ मधल्या २५ विजेत्यांत २० क्वार्टरबॅक.

यात मतदारांचा आकस नसावा. घोळ मोजमापात आहे. कॉर्नरबॅक खरोखर भारी असला की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू टाकतच नाही. न टाकलेला पास कोणत्या रकान्यात लिहायचा? आतल्या फळीतल्या डिफेन्सिव्ह टॅकलला अडवायला आक्रमणातले सेंटर आणि गार्ड दोघं लागतात. मग शेजारचा मोकळा सुटतो आणि सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) त्याच्या नावावर चढते. कबड्डीत पकड झाली की निदान गुण तरी फलकावर लागतो. इथं तर एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना वैयक्तिक बचावाची अधिकृत आकडेवारी ठेवायला लागली तीच २००० मध्ये.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण २००९ चं. नेब्रास्काचा एंडामुकाँग सू डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे सॅक मिळवायला सगळ्यात अवघड जागा. ५ डिसेंबरला बिग १२ या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यात त्यानं टेक्सासच्या कोल्ट मकॉयला साडेचार वेळा सॅक केलं (अर्धी सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला). संपलेल्या घड्याळात एक सेकंद परत घातला गेला, ४६ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेनं मारलेला, ३ गुणांचा) झाला आणि टेक्सास १३–१२ नं सुटलं. आठवड्यानं हाइजमनच्या यादीत मकॉय तिसरा आणि सू चौथा! ज्यानं पाडलं तो खाली, जो पडला तो वर. असोसिएटेड प्रेसनं मात्र त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सूलाच निवडलं.

हाइजमनच्या मतपत्रिकेवर तीन नावं लिहायची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. त्या वर्षीच्या विजेत्या मार्क इन्ग्रमला पहिल्या पसंतीची २२७ मतं, सूला १६१. इथवर फरक १९८ गुणांचा. पण अंतिम हिशेब १,३०४ विरुद्ध ८१५. उरलेले २९१ गुण दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीत गेले. इन्ग्रमचं नाव ६१४ मतपत्रिकांवर होतं, सूचं ३८८ वर. म्हणजे सूला सगळ्यात वर लिहिणारे बरेच होते. पण बाकीच्या बहुतेकांनी तिसरी जागाही दिली नाही. बचावपटूंसाठी नागुर्स्की आणि बेडनारिक हे वेगळे पुरस्कार आहेत, तिकडे मिळेलच की त्याला, हा विचार इथं नडत असावा. ते दोन्ही सूला मिळाले, हेही खरं.

२०२१ मध्ये तर दोन बचावपटू एकाच वेळी शर्यतीत होते आणि मतं फुटली. १४ सॅकवाला हचिन्सन दुसरा आला, अलाबामाचा विल अँडरसन साडेपंधरा सॅक घेऊन पाचवा. समारंभाला बोलावलं चौघांनाच. ट्रॉफी मिळाली ब्राइस यंगला, अँडरसनच्याच संघाच्या क्वार्टरबॅकला.