खोक्यावर १२००, पोर्ट मात्र १००चा

प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएसचा केला, पैसे भरले, तरी स्पीड टेस्ट ९४च्या पुढे सरकेना. केबलवाल्याला फोन लावला तर म्हणाला, "साहेब, आपल्याकडून तीनशे चालू आहे. तुमचा मॉडेम बदला."

घरात डबे दोन. फायबरची बारीक वायर ज्यात शिरते तो ओएनटी, आणि त्यातून निघालेली लॅन केबल जाते ती राउटरला. ओएनटी आपल्या मनाने दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही. एक तर लाइन फायबरच्या दोन प्रकारांपैकी कुठली, जीपॉन की ईपॉन, हे माहीत हवं (दोन्हींवर चालणारे एक्सपॉनही मिळतात), आणि डब्याची नोंद केबलवाल्याने स्वतःच्या बाजूला केल्याशिवाय तो चालत नाही. तो त्यांच्याकडूनच घ्यावा. आमचा ठीक होता. त्याच्या चार पोर्टांपैकी एकच गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आहे, पण केबल त्यातच खोचलेली होती.

खरी चुगली केली त्या ९४ने. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून हातात ९४-९५च पडतात, बाकीचं डेटाच्या वेष्टणातच खर्च होतं. राउटर उलटा करून लेबल वाचलं: सगळे पोर्ट १०/१००, म्हणजे जास्तीत जास्त शंभरचे.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने पहिल्यांदा चार अँटेनांचा राउटर पुढे केला. "पूरे घर में रेंज, गॅरंटी." खोक्यावर मोठ्या अक्षरांत एसी१२००. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, तीही वर ढकललेली. कुठल्याही एका फोनला तो वेग मिळत नाही. खोकं फिरवलं तर मागे बारीक अक्षरांत पुन्हा तेच, १०/१०० वॅन पोर्ट, म्हणजे ओएनटीची केबल ज्यात लागते तो. हवेत कितीही वेग दाखवा, डब्यात शिरणार शंभरच! अँटेना मोजून राउटर घेणाऱ्यांनी ही एक ओळ तरी वाचावी.

मग त्याने एएक्स३००० दाखवला. त्यातले २४०२ हे १६० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलवरचे. आमच्या घरातले फोन ८० मेगाहर्ट्झच्या वर जात नाहीत, आणि प्लॅन आहे ३००चा. वाय-फाय ६चा साधा एएक्स१५००, सगळे पोर्ट गिगाबिट, एवढं पुरे होतं. पक्कं बिल मागून घेतलं. वॉरंटीसाठी दुकानात परत जायची वेळ आली की तोंडी गॅरंटी कुणाला आठवत नाही.

पीपीपीओईचा, म्हणजे राउटरने नेटला लॉगिन करायचा, युजरनेम-पासवर्ड केबलवाल्याकडून आधीच मागवून ठेवला होता. तरी नेट येईना, कारण त्यांच्याकडे जुन्या राउटरचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बांधलेला. फोनवर तो काढायला लावला आणि पाचेक मिनिटांत सुरू झालं. टेबलावरच्या लॅपटॉपला केबलने २८०च्या वर.

आतल्या खोलीत मात्र रडगाणं. दादरची जुनी इमारत, भिंती जाडजूड, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झ दारातच मरतं. मेश (खोल्यांत ठेवायचे एकमेकांना जोडलेले राउटर) घ्यायचा मोह झाला, पण किंमत बघून आवरला. लॅन केबल आत ओढून जुना राउटरच तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पसरवणारा डबा) म्हणून लावला: त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलला, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात. त्याचे शंभर आईच्या मालिकांना भरपूर होतात.