कोपर आणि मनगट, दोन्ही एकाच हातात

सात वर्षांचा मुलगा, भिंतीवरून पडलेला. सोबतच्या एक्स-रेत फक्त कोपर होतं, पण मनगटही वाकडं दिसत होतं. पुन्हा फिल्म काढली. वर सुप्राकॉन्डायलर, म्हणजे दंडाचं हाड कोपराच्या लगेच वर मोडलेलं; गार्टलँड टाइप ३, म्हणजे तुकडे पूर्ण सरकलेले. खाली मनगटाजवळ रेडियस आणि अल्ना, पुढच्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली. कोपर दोन्हीकडून सुटं, म्हणजेच फ्लोटिंग एल्बो.

नाडी लागत होती, बोटं गरम होती. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगितलं, तर गोल होईना. दोन्हींची शेवटची पेरं वाकत नव्हती. ही पेरं वाकवणारी, हातातल्या मीडियन नसेची पुढची फांदी दुखावली होती. ही नोंद भूल देण्याआधीच केली. नाहीतर नस पडण्यामुळे गेली की आपल्या हातून, हे नंतर कळत नाही.

कोपराला वायर (हाडाचे तुकडे धरून ठेवणारी धातूची बारीक सळी, म्हणजे के-वायर) आणि खाली नुसतं प्लास्टर, हा मोह मला या दुखापतीत धोक्याचा वाटतो. दोन्हीकडची सूज एकाच हातात साठते. त्यावर घट्ट प्लास्टर आणि जास्त वाकवलेलं कोपर आलं, की कम्पार्टमेंट सिंड्रोमची भीती, म्हणजे आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटण्याची. म्हणून दोन्हीकडे के-वायर.

आधी कोपर. मनगट धरून ओढलं तर ताण खालच्या फ्रॅक्चरमध्येच जातो, म्हणून पकड कोपराच्या लगेच खाली. हात किंचित वाकवून सावकाश ओढ, मग आडवी सरक सुधारली, मग ओलेक्रेननवर, म्हणजे कोपराच्या मागच्या टोकावर, अंगठ्याने दाब देत कोपर वाकवलं. बाहेरच्या बाजूने १.६ मिमीच्या दोन वायर घातल्या. फ्रॅक्चरच्या रेषेवर त्या एकमेकींपासून लांब हव्यात. तिथेच जवळ आल्या तर खालचा तुकडा फिरतो. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशनमधल्या चालत्या एक्स-रेखाली, हात फिरवून पाहिला, तुकडा थोडा हलला, म्हणून तिसरी घातली. त्यानंतर रेडियस बसवून त्याच्या स्टायलॉइडमधून, म्हणजे मनगटाकडच्या टोकातून, एक वायर. अल्ना आपोआप रेषेत आली.

भरपूर कापूस, पुढून मोकळा स्लॅब (अर्धं प्लास्टर), कोपर ९० अंशांपेक्षा कमी वाकवलेलं.

रात्री दोनला तो पुन्हा वेदनाशामक मागत रडू लागला. बोटं हलकेच सरळ केली तर हात मागे ओढला. नाडी चांगली होती, पण तिच्यावर विसंबायचं नाही; ती सगळ्यांत शेवटी जाते. पट्टी आणि आतला कापूस कातडीपर्यंत कापला, कोपर आणखी सरळ केलं, ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं. अर्ध्या तासात बोटं न रडता सरळ करू दिली. तरी सकाळपर्यंत दर तासाला तपासलं.

चौथ्या आठवड्यात वायर काढल्या, मनगटाचं प्लास्टर सहा आठवडे. कोपर त्याचं त्यालाच हलवू दिलं. मालिश नाही, जोर लावून वाकवणं नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने अंगठा-तर्जनीचा पूर्ण गोल करून दाखवला.