रस्ता एकदाच खोदायचा असेल तर

छोट्या गावाच्या मुख्य रस्त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, पावसाळी गटार, वीज आणि इंटरनेटच्या केबल, कुठे गॅस, असं सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. प्रत्येक गोष्ट वेगळ्या वर्षी, वेगळ्या खात्याने टाकलेली. हे सगळं बदलायची वेळ आली की चर्चा रंगते ती पाइपच्या व्यासावर आणि कंपनीवर. पण धड टाकलेला नवा पाइप मधोमध क्वचितच फुटतो. काम बिघडतं ते बहुधा जोडापाशी, घरांच्या कनेक्शनपाशी आणि पाइपभोवतीच्या मातीत. त्यामुळे इथे पाइपबद्दल कमी आणि या गोष्टींबद्दल जास्त लिहितो आहे.

सुरुवात शोधापासून. जुने नकाशे पाहावेत, पण त्यांच्या भरवशावर जेसीबी लावू नये. केबल लोकेटर फक्त धातू आणि विजेचा प्रवाह ओळखतो, त्याला प्लॅस्टिकचा पाइप दिसत नाही. जमिनीत रडार सोडणारं जीपीआर यंत्र कोरड्या वाळूत चांगलं चालतं. ओल्या चिकणमातीत त्याची नजर फार खोल जात नाही. म्हणून जिथे जिथे नवी लाइन जुनीला ओलांडणार आहे, तिथे हाताने चाचणी खड्डा घ्यायचा आणि वस्तू डोळ्यांनी बघून तिची खोली मोजायची. ज्ञात केबलच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर फक्त हाताने खोदकाम, तेही फावड्याने. पहार मारली की केबलचं वरचं आवरण फाटतं. ते त्या दिवशी कळत नाही. पावसाचं पाणी आत गेल्यावर कळतं.

याच टप्प्यात जुने वॉल्व्ह फिरवून बघा. कित्येक वर्षं कुणी न फिरवलेला गेट वॉल्व्ह बंद होईलच असं नाही, आणि ते कनेक्शनच्या रात्री कळलं तर अख्खं गाव बिनपाण्याचं बसतं. १५० मिमीच्या गेट वॉल्व्हला पूर्ण बंद व्हायला साधारण २० फेरे लागतात. ८-१० फेऱ्यांतच तो अडला तर आत गाळ साचलेला असू शकतो. जोर लावून स्पिंडल मोडू नका. थोडा उघडायचा, थोडा बंद करायचा, वाहत्या पाण्याने गाळ धुऊ द्यायचा आणि पुन्हा पुढे जायचं. तरीही बंद झाला नाही तर नवा वॉल्व्ह आधी बसवायचा, मुख्य काम नंतर.

क्रम खोलीवर ठरतो: सगळ्यात खोल असेल ते आधी. ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाणी, शेवटी केबलचे डक्ट, म्हणजे केबल ओवायच्या नळ्या. उलट केलं तर वरची नवी लाइन खालच्या चरावर लोंबकळते आणि तिचे जोड सैल होतात. पाणी आणि ड्रेनेज यांच्यात जागा असेल तर ३ मीटर आडवं अंतर ठेवावं. अरुंद रस्त्यात ते जमत नाही. अशा वेळी पाण्याचा पाइप निदान ४५० मिमी वरच्या पातळीवर, न खोदलेल्या मातीच्या वेगळ्या पायरीवर घ्यायचा. जिथे दोन्ही एकमेकांना ओलांडतात तिथे पाण्याच्या पाइपचा मधला भाग ओलांडणीवर आला पाहिजे, म्हणजे त्याचे दोन्ही जोड ड्रेनेजपासून जास्तीत जास्त लांब जातात. लाइनमधला दाब कधी उतरला तर जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सगळा आटापिटा त्यासाठी आहे.

ड्रेनेजचं गणित उताराचं असतं आणि ते निष्ठुर असतं. २०० मिमीच्या लाइनला १:२५० उतार दिला तर ५०० मीटरमध्ये २ मीटर उतरावं लागतं. रस्ता सपाट असेल तर १.२ मीटर खोलीवर सुरू झालेली लाइन दुसऱ्या टोकाला ३.२ मीटरवर पोहोचते. उतार कमी करून खोली वाचवायचा मोह होतो, पण प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की घाण वाहायची थांबते आणि तळाशी बसते. याच उताराने ६ मीटरच्या एका पाइपला फक्त २४ मिमी उतार मिळतो. म्हणजे खालच्या टोकाखाली तेवढीच जास्त खडी पडली की तो पाइप सपाट, आणि त्याहून जास्त पडली की उलटा. नजरेने आणि दोरीने हे काम होत नाही. पाइप लेझर लावा, प्रत्येक पाइपची पातळी वहीत लिहा. काम नेहमी उताराच्या खालच्या टोकापासून वर न्यायचं आणि सॉकेटचं, म्हणजे पुढचा पाइप ज्यात बसतो त्या रुंद टोकाचं तोंड उताराच्या वरच्या दिशेला ठेवायचं.

मॅनहोलच्या भिंतीला पाइप थेट पक्का करून पुढे पूर्ण लांबीचा पाइप जोडला की पुढे तिथे तडा जाऊ शकतो. मॅनहोल जड असतो, तो वेगळा बसतो. पाइप वेगळा बसतो. भिंतीपासून साधारण अर्ध्या मीटरवर पहिला लवचिक जोड आणि त्यानंतर एक आखूड तुकडा ठेवला की दोघांना आपापल्या परीने हलायला जागा मिळते. हा आखूड तुकडा अंदाजपत्रकात नसतो म्हणून सुटतो. तो मागणी करून घ्या.

जुन्या मॅनहोलमध्ये कुणालाही 'जरा बघून ये' म्हणून उतरवू नका. आधी गॅस मीटर दोरीने खाली सोडायचा आणि वर, मध्ये, तळाशी अशा तीन पातळ्यांवर वाचन घ्यायचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) वर असेल तर उतरणं बंद. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नसतं. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही मरतो. म्हणून तिकाटणं (ट्रायपॉड), हार्नेस आणि वर उभा असलेला माणूस झाकण उघडण्याआधी जागेवर हवेत. यातलं काही आलं नसेल तर त्या दिवशी झाकण उघडायचं नाही, काम कितीही अडलेलं असो.

चराबद्दल थोडक्यात. रुंदी पाइपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किमान ३०० ते ४०० मिमी जास्त, नाहीतर पाइपच्या कुशीत, म्हणजे खालच्या अर्ध्या भागाच्या बाजूला, पाय किंवा दाबायचं यंत्र जात नाही. १.२ मीटरपेक्षा खोल चरात माणूस उतरणार असेल तर फळ्यांचा किंवा ट्रेंच बॉक्सचा (चराच्या भिंती धरणाऱ्या लोखंडी चौकटीचा) आधार हवा. काढलेली माती काठापासून मीटरभर दूर टाकावी. एका दिवसात जेवढं बुजवता येईल तेवढंच उघडायचं. दुकानांच्या रांगेसमोर ३०-४० मीटर पुरे. आणि रात्री पाऊस येणार असेल तर पाइप टाकून तसाच उघडा ठेवू नका: २०० मिमीचा रिकामा पाइप मीटरला ३१ लिटर पाणी बाजूला सारतो आणि त्याचं स्वतःचं वजन ५ किलोच्या आसपास असतं. चरात पाणी भरलं की तो तरंगतो आणि सकाळी सगळा उतार गेलेला असतो.

आता माती. पाइपखाली १०० ते १५० मिमी वाळू किंवा बारीक खडी, सॉकेटसाठी त्यात खळगा, म्हणजे पाइप सॉकेटवर नाही तर पूर्ण अंगावर टेकतो. मग दोन्ही कुशींत एकाच वेळी सारखं भरत यायचं. पाइपच्या खालच्या अर्ध्या भागाजवळची ही दबाई सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. प्लॅस्टिकचा पाइप स्वतःच्या ताकदीवर कमी आणि बाजूच्या मातीवर जास्त उभा असतो. कूस पोकळ राहिली की तो वरच्या वजनाने चपटा होतो. पाइपच्या माथ्यावर ३०० मिमीपर्यंत हलक्या हाताने दबाई, तिथे इशारा पट्टी, आणि त्यावर १५०-१५० मिमीचे थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबत ९५ टक्के प्रॉक्टर घनतेपर्यंत (प्रयोगशाळेत त्याच मातीला मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्के). उकरलेल्या डांबराचे आणि काँक्रीटचे तुकडे परत चरात ढकलणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. त्यांच्यामधल्या पोकळ्यांत बारीक माती पुढे हळूहळू उतरत राहते. दीड मीटर खोल चरातला भराव नंतर नुसता ५ टक्के बसला तरी रस्त्यावर ७५ मिमी खोल घळ पडते. डांबर जाड करून ती थांबत नाही.

पाण्याच्या लाइनवर जिथे वळण, टी किंवा बंद टोक आहे तिथे पाण्याचा दाब पाइपला ढकलत असतो. १५० मिमीच्या डीआय (डक्टाइल आयर्न, लोखंडी) पाइपला १० बार दाबाने ९० अंशाच्या बेंडवर साधारण ३२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टन जोर येतो. चाचणीचा दाब दीडपट, तेव्हा जवळपास पाच टन. हा जोर मातीवर देणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, म्हणजे थ्रस्ट ब्लॉकची, पाठ न खोदलेल्या घट्ट मातीला टेकलेली हवी. शेजारी दुसऱ्या लाइनचा ताजा भराव असेल तर ब्लॉकला काहीच आधार नाही; तिथे लॉक होणारे जोड वापरावेत. काँक्रीट बोल्टवर आणि जोडावर जाऊ देऊ नका, पुढे खोलावं लागतं.

एचडीपीईला (काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपला) ब्लॉकची कटकट कमी, पण दोन सवयी लागतात. इलेक्ट्रोफ्यूजनच्या (विजेने तापवून वितळवलेल्या) जोडाआधी पाइपचा वरचा थर स्क्रेपरने सगळीकडून सारखा खरवडून काढायचा, नुसता पुसायचा नाही. ऑक्सिडेशन झालेल्या थरावर जोड दिसायला चिकटतो, धरत नाही. आणि जोड थंड होण्याच्या पूर्ण वेळेआधी क्लॅम्प सुटता कामा नये. दुसरं, हा पाइप उन्हात लांबतो. दुपारी टाकलेला ५० मीटरचा पाइप चरात २५ अंशांनी गार झाला तर पाव मीटरपर्यंत आखडू शकतो. म्हणून जुन्या लाइनशी शेवटचा जोड दुसऱ्या दिवशी सकाळी. पाइपसोबत लोकेटरला सापडावी म्हणून तांब्याची ट्रेसर वायर टाका आणि तिची टोकं वॉल्व्ह चेंबरमध्ये वर काढा, नाहीतर पुढच्या पिढीच्या लोकेटरला ही लाइनही दिसणार नाही.

चाचणी पाण्यानेच करायची, हवेने कधीच नाही. दाबलेली हवा जोड फुटल्यावर स्फोटासारखी सुटते. लाइन हळू भरा, उंचवट्यांवरून हवा जाऊ द्या. एचडीपीई दाबाखाली स्वतःच थोडा फुगतो, त्यामुळे सुरुवातीला काटा खाली येतो. ती गळती नव्हे. म्हणून त्याची चाचणी डीआयच्या पद्धतीने घेऊ नये.

मग निर्जंतुकीकरण. १५० मिमीच्या ५०० मीटर लाइनमध्ये सुमारे ८,८०० लिटर पाणी मावतं. लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर २२० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे ६७० ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर ताकद गमावते, तेव्हा आधी तिची टक्केवारी तपासा. २४ तासांनंतर दूरच्या टोकाला निदान १० मिलिग्रॅम उरलं पाहिजे. क्लोरीन घालण्याआधीची धुलाई सेकंदाला ०.७५ मीटर वेगाने, म्हणजे १५० मिमीला सेकंदाला १३ लिटरच्या वर. यापेक्षा कमी पाण्याने चरातली वाळू हलत नाही. क्लोरीनचं पाणी निष्प्रभ केल्याशिवाय ओढ्यात सोडू नये.

सगळ्यात जास्त दिवस घरांच्या कनेक्शनना लागतात, आणि वेळापत्रकात त्यांना सगळ्यात कमी जागा दिलेली असते. काम सुरू होण्याआधी प्रत्येक इमारतीत जाऊन नळ कुठून आत येतो आणि ड्रेनेज कुठून बाहेर पडतं, किती खोलीवर, ते लिहून काढा. शंका असेल तिथे संडासात रंग टाकून तो कुठल्या मॅनहोलमध्ये उगवतो ते बघा. छपराचं पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं याच वेळी सापडतं आणि याच वेळी वेगळं करता येतं. घराकडची लाइन १:५० उताराने ८ मीटर आली तर १६० मिमी उतरते. मुख्य लाइन तेवढी खोल नसेल तर ते घर कायमचं तुंबणार. बंद पडलेली कनेक्शनं घराच्या दाराशी नव्हे, मुख्य लाइनवरच बंद करायची. फेरूल किंवा सॅडल (मुख्य पाइपवरून घराचं कनेक्शन काढायचे जोड) नव्या पाइपवर, पाण्याची सर्व्हिस लाइन मीटरपर्यंत पूर्ण नवी. अर्धी जुनी ठेवली तर गंजलेला तुकडा नव्या दाबाखाली सुटू शकतो आणि ताजा रस्ता पुन्हा उघडतो. या काळात फुटपाथच्या कडेने ६३ मिमीची तात्पुरती लाइन द्यावी. तिलाही तेवढंच क्लोरीन.

केबलच्या बाबतीत दोन रिकामे डक्ट जास्तीचे टाका, दोरी आत ओवून आणि टोकं सील करून. सील नसेल तर उंदीर आणि गाळ पहिले राहायला येतात. प्रत्येक डक्टमधून भराव झाल्यावर मँड्रेल (डक्टच्या आतल्या मापाचा गोळा) ओढून बघा.

ड्रेनेजच्या आतून कॅमेरा फिरवायचा तो डांबराच्या आधी. नंतर काढलेला व्हिडिओ फक्त वाद घालायला उपयोगी पडतो. डांबर कापताना चराच्या दोन्ही काठांपासून आणखी २००-३०० मिमी बाहेरपर्यंत जुना थर कापून घ्या, म्हणजे नव्या थराची शिवण हललेल्या मातीवर येत नाही. शक्य असेल तर एक पावसाळा तात्पुरत्या थरावर काढावा. आणि शेवटचा थर टाकायच्या आदल्या दिवशी यादी हातात घेऊन रस्त्यावरून चालत जा: प्रत्येक वॉल्व्हचं झाकण, प्रत्येक मॅनहोल, इमारतींच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने मोजलेलं अंतर, पाइपच्या माथ्याची पातळी, उघड्या चराचा टेपसकट फोटो. ज्याची नोंद यादीत नाही, त्याच्यावरून रोलर फिरवू देऊ नका.