तुम्ही विचारलंत म्हणून: बोरीचा आकडा

"महाराष्ट्रात माणूस नक्की कधीपासून आहे गं? एक आकडा सांग." मामेभाऊ दर दिवाळीला विचारतो, आता त्याची पोरगीपण विचारते. म्हणून एकदाच सांगते, पुणे जिल्ह्यातल्या बोरी गावावरून हा आकडा काढतात, पण बोरीचा आकडा एक नाहीये.

तिथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच गाळात दगडी हातकुऱ्हाडी. राखेचं वय कळलं की माणसाचं कळेल, एवढं सोपं वाटतं ना? १९८९ला १४ लाख वर्षं आलं. १९९३ला दुसरे म्हणाले ही सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख, ७५ हजार वर्षांची. १९९५ला ६ लाख ७० हजार. आपल्याकडच्या काळ्या कातळाचे साडेसहा कोटी वर्षांचे कण त्या राखेत मिसळले तरी वय फुगतं. आणि राख जिथे पडली तिथेच राहिली की नदीने नंतर आणून टाकली, हा वेगळाच तंटा.

मी पुरातत्त्वाच्या एमएला असताना १४ लाखवाली होते, अगदी हिरीरीने. त्या वर्षी फील्डला, राख दिसते अशाच एका काठाच्या कापात मला एक टोक दिसलं आणि मी ते मुळा उपटावा तसं उपसलं. फोटो नाही, मोजमाप नाही. हातकुऱ्हाडच, तळहाताएवढी, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेली, गार आणि ओली. पळत सरांकडे गेले. सरांनी दगडाकडे बघितलंसुद्धा नाही, एवढंच विचारलं, "राखेच्या वर की खाली?" मी म्हटलं खाली, म्हणजे राखेहून जुनी. परत जाऊन बघितलं तर माती ढासळून भोक बुजलेलं. सर म्हणाले, "लेबल तूच लिही."

कित्येक वर्षं मी हा किस्सा सर कसे खडूस होते म्हणून सांगायचे. आम्हाला नीट शिकवलंच नव्हतं असंही म्हणायचे, जे खोटं आहे, आदल्या रात्रीच तासभर शिकवलं होतं. खरं म्हणजे मी 'खाली' म्हटलं ते बघितलं म्हणून की मला १४ लाख हवे होते म्हणून, हे मलाच सांगता येत नाही.

बरं, १४ लाख अगदीच अशक्य आहे असंही नाही हं, तमिळनाडूत अत्तिरम्पाक्कमला १५ लाखांपर्यंत तारखा आल्यात, २०११ला. पण ते तिकडचं झालं, त्यावरून बोरीचं कसं ठरवणार?

मामेभावाला १४ लाखच आवडतो, मोठा आहे म्हणून. सांगू दे त्याला. माझ्या त्या दगडाच्या लेबलवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "नदीकाठ, थर माहीत नाही."